विमानाचं वळण

नाना, काल मी एका लढाऊ विमानाच्या पंखावरून फडकं फिरवलं. तुम्ही देवळालीच्या रद्दीवाल्याकडून जी इंग्रजी मासिकं आणायचात आणि ज्यातली चित्रं जेवता जेवता मला दाखवायचात, त्यांतलं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं विमान. पंख दोन, एकावर एक, मधे दांडे आणि ताणलेल्या तारा, पंखांचा रंग पिवळाधमक. ते अगदी त्या काळचं नाही, जुन्या नकाशांवरून नव्याने बांधलंय, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला कापडाच्या शिवणीवर बोट ठेवून मला पकडलं असतंत. पुसताना मनात आलं, नाना इथे असते तर माझ्या हातातलं फडकं काढून घेऊन स्वतःच पुसत बसले असते. तुम्ही ही विमानं पाहिलीत ती चित्रांत, आणि लहानपणी छावणीवरून जाताना एकदोनदा, मान वर करून. म्हणजे तुम्हाला त्यांची पोटं ठाऊक होती. पाठ मी पाहिली. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि तुमच्याइतका त्याचा हेवा करणारं दुसरं कोणी मला माहीत नाही.

मी अजून न्यू जर्सीतच आहे. इथे येऊन मला जेमतेम दोन वर्षं झाली होती तेव्हा तुम्ही गेलात, त्यामुळे पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. एक मुलगी झाली, ती आता जर्सी सिटीत एका उंच बिल्डिंगमध्ये राहते आणि रोज ट्रेनने मॅनहॅटनला कामाला जाते. मी इतकी वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. आई म्हणायची, या कामाची तयारी हिने पाळण्यातच सुरू केली होती. मागच्या वर्षी रिटायर झाले. तुमचे जावई मराठी मंडळाच्या नाटकांत रमलेत, पण मला घरात बसवेना. आमच्यापासून तासाभराच्या ड्राइव्हवर एका जुन्या धावपट्टीशेजारी विमानांचं एक लहानसं म्युझियम आहे. पत्र्याचं मोठं हँगर, आत पेट्रोलचा आणि रंगाचा वास. शनिवारी लोकांना विमानं समजावून सांगायला स्वयंसेवक पाहिजेत अशी पाटी तिथे लागली होती. मी सरळ आत जाऊन नाव देऊन आले.

त्यांची रीत अशी की आधी एक चाचणी द्यायची. तिथल्या एक जुन्या बाई पाहुण्या बनून तुमच्याबरोबर फिरतात, ऐकतात, आणि मग हो किंवा नाही सांगतात. मला वाटलं, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ. पण खरं सांगायचं तर मला ते काम नुसतं वेळ घालवायला नको होतं. तुमचं घड्याळ धाकट्या भावाकडे गेलं, रंगांची पेटी तुमच्या शाळेने ठेवून घेतली. माझ्या वाट्याला आलं ते तुमचं विमानांबद्दलचं बोलणं, आणि ते सगळंच्या सगळं मराठीत आहे. माझ्या मुलीला मराठी कळतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. लहानपणी मी तिला तुमच्या गोष्टी सांगायला लागले की ती मान हलवायची आणि थोड्या वेळाने पुस्तकात डोकं घालायची. तुमचं बोलणं इंग्रजीत तग धरतंय का, एवढंच मला त्या हँगरमध्ये पाहायचं होतं. नाही धरलं, तर ते माझ्यापाशीच संपणार होतं. या विचाराने मला भीती वाटायची.

तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात आणि घरी विमानं. आमच्या वर्गातल्या मुलांना दुसऱ्या महायुद्धातली नावाजलेली विमानं पाठ असायची. तुम्हाला त्यांचं काही कौतुक नव्हतं. तोपर्यंत सगळं ठरून गेलं होतं, असं तुम्ही म्हणायचात. विमान कसं असावं हे एकदा ठरलं की मग त्यात काय राहिलं? त्याच्या आधीच्या वीस वर्षांत कोणालाच काही ठाऊक नव्हतं. पंख एक की दोन, वैमानिकाचं डोकं वाऱ्यात की काचेखाली, चाकं पोटात घ्यायची की लोंबती ठेवायची, जो तो आपापल्या परीने अंदाज बांधत होता. इटलीवाल्यांचं सीआर-३२ दुपंखी, इतकं चपळ की स्पेनच्या लढाईत त्याने नाव काढलं, आणि त्या कौतुकात त्यांचे लोक पुढेही दुपंखीच बनवत बसले. रशियाचं आय-१६ आखूड, फुगीर, एका पंखाचं. चाकं आत घ्यायला वैमानिकाने हाताने दांडा फिरवत राहायचा, विहिरीचा रहाट ओढावा तसा. इंग्रजांच्या ग्लॅडिएटरला पंख जुन्या पद्धतीचे दोन आणि वर नवी कोरी काच, तुम्ही त्याला नऊवारीवर गॉगल म्हणायचात. आणि जपानी वैमानिकांना काचेचं झाकण दिलं तर त्यांनी इतकी कुरकुर केली की पुढच्या विमानांतून ते काढून टाकावं लागलं. ही गोष्ट तुम्ही फार रंगवून सांगायचात, कारण हेडमास्तरांनी घालायला लावलेला टाय तुम्हीही असाच परत केला होता.

एका रविवारी मी तुम्हाला विचारलं की दोन पंख असले तर जास्त चांगलं उडणार ना, मग एक का काढून टाकला. तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात. मांडणीवरची दोन ताटं उचललीत आणि आईने कशाला म्हणून विचारायच्या आत मला घेऊन गच्चीवर. वारा सुटलाय. दोन्ही हातांत एकेक ताट वाऱ्यासमोर धरून मी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत धावते आहे, आणि ताटं मला मागे ढकलतायत. मग एक ताट तुम्ही काढून घेता. आता धाव, म्हणता. मी इतकी जोरात धावते की थांबता येत नाही आणि ताट कठड्यावर आपटतं. त्या दिवसापासून त्या पोचा आलेल्या ताटात आई फक्त तुम्हालाच वाढायची. आमटी सगळी एका बाजूला गोळा व्हायची, आणि तुम्ही ताट भिंतीकडे जरासं कलतं करून मुकाट्याने जेवायचात.

दुपंखीचा फायदा काय, हे सायकलवर कळलं. मला मागे कॅरियरवर बसवून तुम्ही आधी हळूहळू आपल्या बोळात सायकल वळवलीत, कुठेही न टेकता. मग जोरात हाणत शाळेच्या मैदानावर नेलीत आणि तिथे भलामोठा फेरा घेतलात. हळू असेल त्याला बोळ पुरतो, वेग असेल त्याला मैदान लागतं. लढाईत ज्याचं वळण छोटं, तो दुसऱ्याच्या पाठीवर बसतो. म्हणून वैमानिकांचा जीव वळणावर. पण वेगवाल्याला एक सुख असतं, असंही तुम्ही म्हणालात. नको असेल तेव्हा भांडण सोडून निघून जाता येतं. तेव्हापासून आपल्या घरात विमानांची तुलना या दोनच शब्दांत व्हायला लागली. याला वळण आहे, त्याला वेग आहे. मासिकातल्या त्या लांबलचक इंग्रजी शब्दांची आपल्याला कधी गरज पडली नाही.

त्याच सुमारास आत्या राहायला आली होती. मी धावत आत आले, पाय न धुता पाटावर बसले, आणि आत्या म्हणाली, "या पोरीला काही वळण लावा. उद्या परक्या घरी जायचंय." आई ओशाळली. तुम्ही मासिकातून मान वर केली नाहीत. "हिला वळण नाही, ताई," तुम्ही म्हणालात. "हिला वेग आहे." आत्याला काहीच कळलं नाही. आईला थोडं कळलं. मला सगळं कळलं. नाना, पुढे मी पुष्कळ बक्षिसं मिळवली, इथल्या कंपनीने काचेचे ठोकळे दिले, पण त्या वाक्याइतकं कशानेच मला सुख दिलं नाही. परक्या देशात यायची वेळ आली तेव्हाही ते वाक्य माझ्याबरोबर होतं. मी पाय धुऊन पाटावर बसायला मात्र त्याच दिवसापासून शिकले.

तर चाचणी. पहिल्या वेळी मी सपशेल आपटले. परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास केला होता. इंजिनाची ताकद, बंदुका किती, पंखांची लांबी, सगळं घडाघडा बोलत गेले. त्या बाई सत्तरीच्या पुढच्या, उंच, पांढऱ्या केसांचा बॉबकट, पायात मळके बूट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या की हे सगळं बोर्डावर लिहिलेलं आहे, लोकांना वाचता येतं. तुमच्याकडे काय आहे ते घेऊन या. पंधरा दिवसांनी आणखी एक संधी देते, त्यानंतर सीझन सुरू होईल. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे ऐकून घेणं किती जड गेलं असेल, तुम्हीच विचार करा.

मुलगी त्या शनिवारी घरी आली होती. आम्ही आयसेलिनला ओक ट्री रोडवर डोसा खायला गेलो आणि तिथे मी तिच्यावर प्रॅक्टिस केली. चटणीची वाटी एक विमान, चमचा दुसरं. इंग्रजीत बोलायला लागले तर पाच मिनिटांत ती फोन चाळायला लागली. मला राग आला आणि मी मराठीत शिरले. आय-१६चा रहाट, नऊवारीवर गॉगल, काच परत करणारे जपानी. पोरगी हसायला लागली, शेजारच्या टेबलावरचे काका वळून बघायला लागले. मग ती म्हणाली, "आई, इंग्लिशमध्ये तू बोअरिंग होतेस. यू आर सो मच फनिअर इन मराठी." मी म्हटलं, ते मी नाही, ते तुझे आजोबा. "देन व्हाय डोन्ट यू लेट हिम टॉक?" ती म्हणाली. मी सांभाराची वाटी तोंडाला लावली.

दुसऱ्या चाचणीला तीही आली. सुट्टी घेतलीस का, विचारलं, तर म्हणाली, मीटिंग कॅन्सल केली, आता बोल. म्युझियममध्ये दोन विमानं शेजारी शेजारी उभी आहेत, दोन्ही एकाच कारखान्यातून निघालेल्या विमानांच्या प्रतिकृती, सख्खी भावंडंच. थोरलं दुपंखी, पी-१२, ज्याचे पंख मी काल पुसले. धाकटं पी-२६, एका पंखाचं, सगळं धातूचं, त्याच्यापेक्षा पुष्कळ वेगवान, पण जमिनीवर उतरताना इतकं दांडगट की उलटून वैमानिकाची मान मोडू नये म्हणून त्याच्या डोक्यामागे उंच उंचवटा बांधावा लागला. दोघांच्या मधे उभी राहून मी बोलायला लागले. रहाट सांगितला, बाई हसल्या. ताटं सांगितली, आणखी हसल्या. मला हुरूप आला. आणि मग दोघांची तुलना करायची वेळ आली तेव्हा डोक्यात तुमचेच दोन शब्द होते, आणि वेग पटकन इंग्रजीत उतरला पण वळण उतरेना. तोंडातून निघून गेलं ते असं: "दिस वन इज व्हेरी वेल ब्रॉट अप. दॅट वन, नो अपब्रिंगिंग. ओन्ली स्पीड."

बोलल्यावर कळलं की आपण काय बोललो. मुलीने डोळे मिटून घेतले. विमानाला संस्कार नाहीत म्हणून सांगणारी मी जगातली पहिली गाइड असणार. माझे कान तापले. मी सारवासारव करायला गेले, म्हणजे टर्न म्हणायचं होतं, आमच्या भाषेत टर्न आणि अपब्रिंगिंगला एकच शब्द आहे, वगैरे. बाई हसत नव्हत्या. त्यांनी मला विचारलं की हे तुम्हाला कोणी शिकवलं. वडिलांनी, मी म्हटलं. ते पायलट होते का? नाही, ड्रॉइंग टीचर. विमानात बसले होते? कधीच नाही.

मग त्या दुपंखीच्या खालच्या पंखाला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला सांगितलं की तरुणपणी त्या मिडवेस्टात शेतांवर औषध फवारायच्या, अशाच दोन पंखांच्या विमानातून, झाडांच्या शेंड्यांना शिवून. पायलट लोक विमानाबद्दल अगदी असंच बोलतात, त्या म्हणाल्या. जे वळताना दगा देत नाही, हात हलका ठेवला तरी ऐकतं, त्याला वेल-मॅनर्ड म्हणतात. "माझ्या विमानाला मॅनर्स होते," त्या म्हणाल्या. "माझ्या पहिल्या नवऱ्याला नव्हते. दोघांनाही मी वळणावरच ओळखलं." आणि मग त्यांनी तुमचा शब्द विचारला. मी सांगितला. त्यांना ळ जमेना, वलन, वलण, असं तीनचारदा करून पाहिलं. माझी मुलगी पुढे झाली आणि जीभ कशी मागे वळवायची ते त्यांना दाखवायला लागली. नाना, जी मुलगी माझ्याशी मराठीत चार वाक्यं सलग बोलत नाही, ती त्या हँगरमध्ये एका अमेरिकन म्हातारीला ळ शिकवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी प्रॉपेलर किती लांब आहे ते सांगायला लागले.

त्यांनी मला घेतलं. पुढच्या शनिवारपासून या आणि आरामाचे बूट घाला, एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी जाते आहे. लोक येतात, ओहायोहून, पेनसिल्व्हानियाहून, कधी चुकून रस्ता हरवून. मी त्यांना ताटं सांगते, रहाट सांगते, वळण सांगते. काही जण जाताना आपसात बोलताना ऐकू येतात की या गाडीला काही मॅनर्स नाहीत. कधी हिरमुसायला होतं, जेव्हा सगळ्यांना फक्त बंदुका किती हेच हवं असतं. पण असे दिवस थोडे. इतक्या वर्षांनी पुन्हा मी शनिवारची वाट पाहायला लागावं, याचं माझं मलाच हसू येतं. तुमच्या विमानांबद्दल बोलायला लागले की माझा आवाज बदलतो, असं तुमचे जावई म्हणतात. त्यांना तुमचा आवाज आठवत नाही, नाहीतर त्यांनी पुढचंही ओळखलं असतं.

गेल्या शनिवारी मुलगी पुन्हा आली, या वेळी नुसतीच ऐकायला. पी-२६पाशी पोचलो तेव्हा माझ्या घोळक्यातल्या एका बाईंनी विचारलं की हे जुन्यातलं धरायचं की नव्यातलं. प्रश्न बरोबरच होता. अंग नव्या जमान्याचं, सगळं धातू, पंख एकच. पण डोकं उघडं, चाकं लोंबती, आणि पंख तारांनी आवळलेले, जुन्यांसारखे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि समोर मुलगी दिसली, हाताची घडी घालून, मान कलती करून ऐकणारी, अगदी तुमच्यासारखी. मी म्हटलं, "माय फादर यूज्ड टू से, इट बिलाँग्ज टू बोथ." लोकांनी माना डोलावल्या आणि आम्ही पुढे सरकलो.

घरी जाताना ती गाडी चालवत होती. मग सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "आजोबांचं ते बोथवालं... आय'म कीपिंग दॅट, आई." आणि मग आपल्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "मला ते... माझ्याबद्दल पण वाटलं." तिने तुमचं काही स्वतःसाठी ठेवून घ्यायची ही पहिलीच वेळ.

नाना, हे पत्र मी पाठवणार नाही, पाठवायचं ठिकाण नाही म्हणून, आणि असतं तरी पाठवलं नसतं. कारण तुम्ही ते वाक्य कधीच म्हटलं नव्हतं. त्या विमानाच्या चित्राशी आलात की तुम्ही नाक मुरडायचात आणि म्हणायचात, "हे धड ना इकडचं, धड ना तिकडचं," आणि पान उलटायचात. मला ते शब्द न् शब्द आठवत होतं. पोरीकडे बघून तेवढं मला म्हणवलं नाही. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तुमच्या नावावर ते शोभतं.